दोन आसेगावं, एक राष्ट्रपती

वाशीम जिल्ह्यात आसेगावं दोन आहेत. एक मंगरुळपीर तालुक्यातलं, पोलीस ठाणं असलेलं. दुसरं रिसोडकडचं, त्याला आसेगाव पेन म्हणतात. जिल्हा एक, नाव एक, पण लोकसभेला दोन्ही गावांची वाट वेगळी होते. मंगरुळपीरचं आसेगाव यवतमाळ-वाशीममध्ये मतदान करतं, रिसोडचं आसेगाव अकोल्यात. आज स्थिती अशी आहे की पहिल्याचे आमदार भाजपचे श्याम खोडे आणि खासदार उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेचे संजय देशमुख. दुसऱ्याचे आमदार काँग्रेसचे अमित झनक आणि खासदार भाजपचे अनुप धोत्रे.

हा हिशेब मांडायचं कारण राष्ट्रपतिपद. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ धरतात आणि २०२२ च्या निवडणुकीत एका खासदाराच्या मताचं मूल्य ७०० होतं. तोच भाव धरला आणि सगळ्यांनी आपापल्या पक्षाला धरून मत दिलं, तर एका आसेगावातून भाजपच्या उमेदवाराला १७५ मिळतात, दुसऱ्यातून ७००. विरोधकांच्या उमेदवारालाही अगदी तेवढेच. ८७५ इकडे, ८७५ तिकडे. देशाचा पुढचा राष्ट्रपती ठरवण्यात दोन आसेगावांचा मिळून वाटा शून्य.

तरी चर्चा थांबत नाही. द्रौपदी मुर्मू यांची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. गावात २०२५ मध्ये खरी चर्चा सोयाबीनची होती. हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर झाला होता, पण बाजार समितीत गाडी उभी केली की ओलावा दाखवून भाव पाडत. दुसरी चर्चा जिल्हा परिषदेची: आपला गट कुणासाठी राखीव, तिकीट कुणाला, कोण कुणाच्या गाडीत दिसला. पण गप्पांच्या याच बैठकीत, याच माणसांच्या तोंडी, तासाभराने विषय दिल्लीवर जातो आणि मग पुढचा राष्ट्रपती कोण, यावर पैजा लागतात. विदर्भातली बैठक असेल तर गडकरींचं नाव निघतंच. एखादा भागवतांचं नाव घेतो. बाजूच्या मानोरा तालुक्यात बंजारांचं तीर्थक्षेत्र पोहरादेवी आहे, त्यामुळे बंजारा समाजाचा राष्ट्रपती का नको, असंही कुणी विचारतो. आणि त्याच समाजाच्या वसंतराव नाईकांनी अकरा वर्षांहून जास्त मुख्यमंत्रिपद सांभाळलेल्या राज्यात तो प्रश्न वावगा नाही.

मला या गप्पा टीव्हीवरच्या चर्चेपेक्षा जास्त शहाण्या वाटतात. त्याचं कारण सरळ आहे. सरपंच आता थेट लोकांतून निवडला जातो (२०१७ ला तसं झालं, २०२० मध्ये ते मोडलं, २०२२ मध्ये पुन्हा आलं), पण उपसरपंच अजूनही सदस्यच निवडतात. उपसरपंचाची निवड ज्याने जवळून पाहिली त्याला राष्ट्रपतीची निवड समजावून सांगावी लागत नाही. लायक कोण, हा प्रश्न तिथे शेवटी येतो. आधी पाहतात कोण कुणाला चालत नाही. पहिलं नाव जो घेतो, तो बहुधा ते पाडायलाच घेतो. मग ज्याच्यावर कुणी फुली मारली नाही, असा एक जण उरतो आणि त्याच्या गळ्यात हार पडतो. दिल्लीत यापेक्षा फार वेगळं घडत नाही, फक्त हार मोठा असतो.

आधी या १७५ चं पाहू, कारण त्यातली गंमत फारशी कुणाला माहीत नसते. राज्याची लोकसंख्या घ्यायची, तिला निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने भागायचं, आणि जे येईल त्याला पुन्हा हजाराने. पण लोकसंख्या आजची नाही, १९७१ ची. त्या जनगणनेत महाराष्ट्र ५ कोटी ४ लाखांच्या वर होता. भागिले २८८, भागिले १०००, उत्तर १७५. आणीबाणीच्या काळात ४२ व्या घटनादुरुस्तीने हा आकडा गोठवला, पुढे ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत वाढवली. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत तोच चालायचा. म्हणजे २०२७ लाही तोच, कारण नवी जनगणना त्याच वर्षी होतेय आणि तिचे आकडे जुलैआधी छापून येण्याची शक्यता नाही. १९७१ मध्ये वाशीम जिल्हाच नव्हता. दोन्ही आसेगावं अकोल्यात होती. जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्या जनगणनेत तान्हं म्हणून मोजलेलं पोर आज पन्नाशी ओलांडलेलं आहे, बहुधा आजोबा झालंय, आणि त्याच्या आमदाराच्या मताचं मूल्य अजून त्याच्या पाळण्याच्या हिशेबानेच चाललंय. उत्तर प्रदेशच्या आमदाराला २०८, सिक्कीमच्या आमदाराला ७. कुटुंब नियोजन ज्यांनी पाळलं त्यांचं नुकसान होऊ नये, हा गोठवण्यामागचा हेतू. तो चांगलाच होता, पण पन्नास वर्षांत कुठलाही हिशेब शिळा होतो.

आता नावांकडे. मराठी माणसाच्या दृष्टीने सगळ्यांत रसाळ वर्ष २००७.

त्या उन्हाळ्यात काँग्रेसच्या उमेदवाराबद्दल महाराष्ट्राला खात्रीच होती: शिवराज पाटील चाकूरकर. लोकसभेचं अध्यक्षपद भूषवलेलं, केंद्रात गृहमंत्री, भाषा संयत, कपडे परीटघडीचे. सुशीलकुमार शिंदे यांचंही नाव होतं. बाहेरच्यांत प्रणब मुखर्जी, अर्जुन सिंह, करण सिंह. पण सरकार डाव्यांच्या टेकूवर उभं होतं आणि डाव्यांना शिवराज पाटील नको होते. शिवाय २००४ मध्ये लातूरला रूपाताई पाटील निलंगेकरांकडून ते पडलेले. प्रणबदांना सरकारमधून सोडायची काँग्रेसची तयारी नव्हती. एकेक फुली पडत गेली आणि १४ जून २००७ ला जे नाव जाहीर झालं ते कुठल्याही वाहिनीच्या यादीत ठळक नव्हतं: प्रतिभा पाटील, राजस्थानच्या राज्यपाल.

दिल्लीच्या पत्रकारांची त्या संध्याकाळी त्रेधा उडाली असणार. आमच्या अमरावती विभागाला मात्र त्यांची माहिती काढायला कुठे जावं लागलं नाही. जन्म बोदवड तालुक्यातल्या नाडगावचा, १९६२ मध्ये जळगावातून आमदार, पुढे १९८५ पर्यंत एदलाबादमधून. सासर अमरावती; पती देवीसिंह शेखावत अमरावतीचे महापौर आणि आमदार राहिलेले. १९९१ मध्ये त्या स्वतः अमरावतीच्या खासदार झाल्या. विरोधात उभे राहिले उपराष्ट्रपती भैरोंसिंह शेखावत, त्यामुळे माहेर-सासरच्या आडनावांवर विनोदही भरपूर झाले. कुठलंही नाव जाहीर झालं की त्याच्या मागचे जुने कागद बाहेर निघतात, तसे त्यांच्या सहकारी बँकेचे आणि साखर कारखान्याचेही निघाले. आकड्यांवर त्याचा परिणाम झाला नाही. ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६.

परिणाम झाला तो बाळासाहेब ठाकरेंच्या निर्णयाने. शिवसेना भाजपसोबत होती, तरी मराठी राष्ट्रपती होतोय म्हटल्यावर सेनेची मतं प्रतिभाताईंना गेली. भाजपचा चडफडाट झाला. पण सेनेची ही सवय जुनी होती. १९९७ मध्ये सगळे मोठे पक्ष के. आर. नारायणन यांच्यामागे असताना सेना टी. एन. शेषन यांच्या पाठीशी उभी राहिली. शेषन यांना जेमतेम ५०,६३१ मतमूल्य मिळालं, नारायणन यांना साडेनऊ लाखांवर. २०१२ मध्ये पुन्हा भाजपला सोडून प्रणब मुखर्जींना पाठिंबा. आघाडी कुठलीही असो, राष्ट्रपतीच्या वेळी सेना वेगळा पत्ता टाकणार, हे दिल्लीने गृहीतच धरायला हवं होतं.

आणि यात वाशीमचा एक विक्रम दडलेला आहे, ज्याकडे कुणी पाहिलेलं नाही. भावना गवळी १९९९ पासून २०२४ पर्यंत सलग खासदार होत्या, आधी वाशीमच्या, मग यवतमाळ-वाशीमच्या. त्या काळात पाच राष्ट्रपती निवडणुका झाल्या: २००२, २००७, २०१२, २०१७, २०२२. कलाम, पाटील, मुखर्जी, कोविंद, मुर्मू. पाचही वेळा शिवसेनेने ज्याला पाठिंबा दिला तोच जिंकला, मग तो काँग्रेसचा असो की भाजपचा. मतदान गुप्त असतं, व्हिप लागू नसतो, त्यामुळे कुणी काय केलं हे छातीठोकपणे सांगता येत नाही. पण पक्षाच्या भूमिकेला धरून मत दिलं असेल, तर या मतदारसंघाच्या खासदाराची हिरवी मतपत्रिका पंचवीस वर्षांत एकदाही वाया गेलेली नाही.

महाराष्ट्राचा याहून जुना आणि जास्त कडू अनुभव १९६९ चा. झाकीर हुसेन ३ मे रोजी गेले आणि काँग्रेसमध्ये उमेदवारीवरून ठिणगी पडली. जुलैमध्ये बंगळूरला पक्षाच्या संसदीय मंडळाची बैठक झाली. इंदिरा गांधींना जगजीवनराम हवे होते, पक्षातल्या जुन्या नेत्यांच्या सिंडिकेटला नीलम संजीव रेड्डी. मंडळात चक्क मतदान झालं आणि पंतप्रधान चार विरुद्ध दोन अशा हरल्या. रेड्डींच्या बाजूने पडलेल्या चार मतांत दोन महाराष्ट्राची: स. का. पाटील यांचं, जे अपेक्षितच होतं, आणि यशवंतराव चव्हाणांचं, जे इंदिराबाईंनी मनात ठेवलं. पुढे फुटीच्या वेळी यशवंतराव त्यांच्याच बाजूला गेले, पण दिल्लीत त्यांच्यावरचा विश्वास पुन्हा पूर्वीसारखा झाला असं त्यांचे चाहतेही म्हणत नाहीत. इंदिराबाईंनी मग सदसद्विवेकाला स्मरून मत द्या, असं सांगितलं आणि आपल्याच पक्षाचा अधिकृत उमेदवार पाडला. व्ही. व्ही. गिरी आले.

त्या निवडणुकीतला तिसरा माणूस मराठी होता, हे आता फार कमी लोकांच्या लक्षात आहे. चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपदावर लाथ मारणारे. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने त्यांना उभं केलं. पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मतं मिळाली. गिरींना ४,०१,५१५ आणि रेड्डींना ३,१३,५४८. कुणालाच निम्मी नाहीत, म्हणून दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली; आजवर राष्ट्रपतीच्या निवडणुकीत ही वेळ तेवढी एकदाच आली. देशमुखांच्या मतदारांची दुसरी पसंती बहुतेक रेड्डींना होती, तरी शेवटी गिरी साधारण साडेचौदा हजारांनी निसटले. लायकीवर राष्ट्रपती ठरत असता, तर चिंतामणरावांएवढा लायक उमेदवार त्या यादीत दुसरा नव्हता, असं माझं मत आहे. पण त्यांना उभं करणाऱ्यांनाही ते निवडून येतील असं वाटत नव्हतं.

२००२ चं थोडक्यात: भाजपच्या मनात महाराष्ट्राचे तेव्हाचे राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर होते, नाव आधी फुटलं, काँग्रेसने विरोध केला, आणि अचानक कलाम पुढे आले. चर्चेतलं नाव कापलं जातं, या माझ्या नियमाला २०१२ छेद देतं. प्रणबदांचं नाव महिनोन् महिने घोळत होतं आणि तेच झाले. पण तिथेही १३ जूनला ममता बॅनर्जी आणि मुलायमसिंह यांनी कलाम, मनमोहन सिंग आणि सोमनाथ चटर्जी अशी तीन नावं पुढे करून त्यांचा पत्ता कापायचा प्रयत्न केलाच होता. मुलायमसिंह दोन दिवसांत फिरले म्हणून निभावलं. २०१७ मध्ये सेनेने आधी मोहन भागवत सुचवले, मग कृषिशास्त्रज्ञ स्वामिनाथन. चिपळूणच्या माहेरवाशीण आणि इंदूरच्या आठ वेळा खासदार सुमित्रा महाजन यांचं नाव मराठी वर्तमानपत्रांनी हौसेने चालवलं. अडवाणी, मुरली मनोहर जोशी, सुषमा स्वराज, सगळे होते. १९ जूनला अमित शहांनी बिहारचे राज्यपाल रामनाथ कोविंद यांचं नाव सांगितलं. त्या वर्षीच्या याद्यांत आणखी एक नाव खालच्या ओळीत असायचं: झारखंडच्या राज्यपाल द्रौपदी मुर्मू. चर्चेतलं नाव कापलं जातं खरं, पण कधीकधी ते पाच वर्षांनी पुन्हा उगवतं.

२०२२ ला विरोधकांनी सगळ्यांत आधी शरद पवारांना गळ घातली. पवार नाही म्हणाले, आणि पवारांच्या नाहीचा अर्थ लावण्यात जन्म गेलेल्या महाराष्ट्राला या वेळी तो लगेच पटला. हरणारी लढाई ते कशाला अंगावर घेतील? मग फारुख अब्दुल्ला नाही म्हणाले, गोपालकृष्ण गांधी नाही म्हणाले. त्या दिवसांत गुलाम नबी आझाद यांचंही नाव वर्तमानपत्रांतून येऊन गेलं, आणि वाशीमच्या जुन्या माणसांचे कान टवकारले. कारण काश्मीरचे आझाद १९८० आणि १९८४ मध्ये निवडून आले होते ते वाशीममधून. इंदिराबाईंनी पाठवलं आणि लोकांनी निवडलं. तिशीतला तो तरुण मराठी कितपत शिकला ठाऊक नाही, पण साठीच्या पुढच्या कुठल्याही माणसाला त्याची एखादी तरी सभा आठवते. आझाद उमेदवार झाले नाहीत. ऑगस्टमध्ये त्यांनी काँग्रेसच सोडली.

२१ जून २०२२ ला दुपारी पवारांनीच बोलावलेल्या दिल्लीतल्या बैठकीत यशवंत सिन्हा यांचं नाव ठरलं. रात्री भाजपने मुर्मूंचं नाव जाहीर केलं. महाराष्ट्रात त्या दिवशी यातलं काहीही कुणी पाहिलं नाही. आदल्या रात्री एकनाथ शिंदे आमदार घेऊन सुरतेला पोचले होते आणि प्रत्येक दूरचित्रवाणी संच सुरतेच्या हॉटेलच्या फाटकावर खिळला होता. दिल्लीत पवारांच्या पत्रकार परिषदेतही प्रश्न सुरतेचेच. राष्ट्रपतीचा उमेदवार ठरवायला बसलेल्या माणसाच्या पायाखालचं मुंबईतलं सरकार सरकत होतं, आणि तो शांतपणे हा शिवसेनेचा अंतर्गत प्रश्न आहे म्हणून सांगत होता.

भावना गवळी यांनी दुसऱ्याच दिवशी उद्धव ठाकरेंना पत्र लिहून बंडखोरांचं म्हणणं ऐकावं असं सुचवलं. ६ जुलैला त्यांचं प्रतोदपद गेलं. १२ जुलैला उद्धव ठाकरेंनी मुर्मूंना पाठिंबा जाहीर केला. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन शिवसेनांचं त्या वर्षी एवढ्या एका गोष्टीवर एकमत झालं.

१८ जुलैला मुंबईत विधानभवनात मतदान झालं. ती खोली एकदा नीट समजून घेण्यासारखी आहे. खासदाराची मतपत्रिका हिरवी, आमदाराची गुलाबी. चिन्ह नसतं, फक्त नावं. नावापुढे शिक्का नाही, पसंतीचा आकडा लिहायचा. आणि तो स्वतःच्या पेनने लिहायचा नाही. आत जाताना आमदाराच्या खिशाचं पेन काढून घेतात आणि निवडणूक आयोगाचं जांभळ्या शाईचं पेन देतात, ज्यावर क्रमांक असतो. २०१६ मध्ये हरियाणात राज्यसभेच्या वेळी चुकीच्या पेनामुळे डझनभर मतं बाद झाली, तेव्हापासून ही काळजी. दुसऱ्या कुठल्याही शाईने आकडा लिहिला तर मत बाद. दहा-दहा लाखांचं पेन खिशाला लावणारा आमदार तिथे आयोगाचं साधं पेन हातात धरून शाळकरी पोरासारखा एक लिहितो. मत दाखवायची सोय नाही, पक्षाचा प्रतिनिधी बघायला नाही, कुणीच नको असेल तर नोटाही नाही. महाराष्ट्रातून मुर्मूंना १८१ आमदारांची मतं पडली, सिन्हांना ९८.

उभं राहायला काय लागतं, असा प्रश्न बैठकीत हमखास येतो. वय पस्तीस, लोकसभेला उभं राहायची पात्रता, पंधरा हजार रुपये अनामत. इथपर्यंत ऐकून चार जण तयार होतात. मग सांगावं लागतं की पन्नास सूचक आणि पन्नास अनुमोदक हवेत, तेही खासदार-आमदारच.

आता २०२७. माझा अंदाज विचाराल तर नाव मी सांगणार नाही, पण चाळणी सांगतो. राजेंद्र प्रसादांनंतर दुसरी मुदत कुणालाही मिळालेली नाही, म्हणून मुर्मू पुन्हा, हे धरू नये. उपराष्ट्रपतीचा राष्ट्रपती होतो, हा समजही आता जुना झाला. राधाकृष्णन, झाकीर हुसेन, गिरी, वेंकटरमण, शंकरदयाळ शर्मा, नारायणन असे सहा झाले. १९९७ नंतर एकही नाही. भैरोंसिंह उभे राहिले आणि पडले. आताचे उपराष्ट्रपती सी. पी. राधाकृष्णन वर्षभर मुंबईच्या राजभवनात राहून गेले, सप्टेंबर २०२५ मध्ये ४५२ मतं घेऊन आले. दक्षिणेचे, ओबीसी, संघाच्या मुशीतले. चाळणीत सगळ्यांत वर तेच राहतात. म्हणूनच त्यांच्यावर पैज लावायला मी धजणार नाही. कोविंद राज्यपाल होते, मुर्मू राज्यपाल होत्या, हे राधाकृष्णनही राज्यपालच होते. तेव्हा पाहायचं असेल तर वाहिन्यांच्या याद्यांपेक्षा राज्यपालांकडे पाहावं, आणि तेही त्यांतल्या कमी बोलणाऱ्यांकडे. नाव जाहीर होईल ते २०२७ च्या सुरुवातीला उत्तर प्रदेशचा निकाल लागल्यावर; त्या एका विधानसभेचं मतमूल्य ८३,८२४ आहे, महाराष्ट्राचं ५०,४००. तिथे काय होतं त्यावर उमेदवाराची जात, प्रांत आणि भाषा ठरेल.

विरोधकांकडे पुन्हा कुणी तरी पवारांचं नाव घेईल. ते तेव्हा शहाऐंशीचे असतील आणि पुन्हा नाही म्हणतील.

यवतमाळ-वाशीमच्या हिरव्या मतपत्रिकेचं मात्र या वेळी खरंच बघण्यासारखं आहे. २०२४ मध्ये शिंदेंच्या सेनेने भावना गवळींचं तिकीट कापलं, जागा गेली, आणि आता ती मतपत्रिका ठाकरेंच्या खासदाराकडे आहे. उपराष्ट्रपतीच्या वेळी त्यांचा पक्ष हरणाऱ्या बाजूला होता. राष्ट्रपतीच्या वेळीही तिथेच राहिला तर पाव शतकाचा विक्रम मोडेल. पण १९९७, २००७, २०१२ आणि २०२२ मध्ये मित्रांना न जुमानता वेगळा पत्ता टाकणारा पक्ष तोच आहे. त्यामुळे दोन आसेगावांच्या ८७५ विरुद्ध ८७५ या बरोबरीवर मी अजून तरी पैसे लावलेले नाहीत.